दहा डॉलर, छत्तीस महिने

माझे बाबा आयटीआयमध्ये निदेशक होते. ट्रेड टर्नर. घरातल्या सगळ्यांना हे माहीतच आहे, पण इथे येणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावात बाबांच्या हाताखालून किती मुलं शिकून गेली असतील, कोण जाणे. बाजारात कोणी ना कोणी वाकून नमस्कार करायचं, "सर, ओळखलं का?" बाबा नाव विसरलेले असायचे, पण बॅच बरोबर सांगायचे.

त्यातल्या एका मुलाची गोष्ट बाबा अजून सांगतात. मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात राहून शिकलेला. हात इतका साफ की त्याच्या जॉबला मायक्रोमीटर लावायचीसुद्धा गरज नाही, असं बाबा म्हणायचे. त्याला नोकरी करायची नव्हती, गावातच स्वतःचं लेथ मशीन टाकायचं होतं. ट्रॅक्टरची, मोटारपंपाची कामं मिळाली असती. बँकेत गेला. जामीनदार आणा, तारण काय देता ते सांगा... घरात कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जामीन राहणार कोण? वर्षभर खेटे घातले आणि मग नाद सोडला. पुढे एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. नंतर एकदा बाबांना भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही शिकवण्यात काही कमी केलं नाही."

तो चांगल्या मनानेच म्हणाला होता, पण बाबांना ते वाक्य फार लागलं. 'शिकवण्यात कमी केलं नाही, मग कमी कुठे पडलं?' हा प्रश्न आमच्या घरात जेवताना कितीतरी वेळा निघालेला आहे. आत्या, तुला आठवत असेल.

या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, भलत्याच ठिकाणी सापडलं. ताईचा थोरला फिलाडेल्फियात टेम्पल युनिव्हर्सिटीत शिकत होता, तेव्हाची गोष्ट. त्याला भेटायला गेलो की आम्ही ब्रॉड स्ट्रीटवरून पायी हिंडायचो. तिथे एक साधंसं शॉपिंग सेंटर आहे. पुढे गाड्या लावायला मोकळी जागा, मागे दुकानांची रांग. अमेरिकेत अशी हजारो असतात, कोणी मान वळवून बघत नाही. मीही बघितलं नसतं. पण पाटीवर 'सुलिवन प्रोग्रेस प्लाझा' असं नाव होतं. हे सुलिवन कोण म्हणून भाच्याला विचारलं, तर त्याला पत्ता नाही. मग मीच शोधत बसलो, आणि ते शोधणं काही महिने संपलं नाही.

लिऑन सुलिवन. जन्म १९२२, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या चार्ल्सटन गावी, गरीब कृष्णवर्णीय वस्तीत. लहान असताना एका दुकानात कोकाकोला प्यायला म्हणून काउंटरपाशी बसला, तर दुकानदाराने उठवलं. काळ्यांनी बसायचं नाही, उभं राहायचं. ही आठवण ते आयुष्यभर सांगत असत. खेळाच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेले, दुखापत झाल्यावर शिष्यवृत्ती गेली, तेव्हा पोलादाच्या कारखान्यात काम करून शिक्षण पुरं केलं. नंतर न्यूयॉर्कला धर्मशास्त्र शिकले, कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९५० साली उत्तर फिलाडेल्फियातल्या झायन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री झाले.

उत्तर फिलाडेल्फिया म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांतून पोट भरायला आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची दाट वस्ती. तरुण पोरं रिकामी कोपऱ्यावर उभी. सुलिवननी पोरांना नोकऱ्या मिळवून द्यायचा खटाटोप सुरू केला, आणि लवकरच लक्षात आलं की नोकऱ्या आहेत, पण त्या यांच्यासाठी नाहीत. ज्या कंपन्यांचा माल या वस्तीत धडाधड खपतो, त्यांच्या कचेरीत किंवा गाडीवर काळा माणूस औषधालासुद्धा नाही.

मग १९६० साली शहरातले कृष्णवर्णीय पाद्री एकत्र आले. पुढे त्यांची संख्या ४०० च्या घरात गेली. त्यांनी पहिला हात घातला तो टेस्टी बेकिंग या कंपनीला. तिचे केक तिकडे घरोघरी खाल्ले जात. मागणी अगदी मोजकी होती : गाडीवर माल विकणारे थोडे ड्रायव्हर-सेल्समन, कचेरीत थोडे कारकून, आणि केकवर आयसिंग करण्याच्या विभागात थोड्या बायका कृष्णवर्णीय घ्या. कंपनीने ऐकलं नाही. रविवारी सगळ्या चर्चमधून एकच निरोप गेला : हे केक घेऊ नका. त्याच उन्हाळ्यात कंपनीने मागण्या मान्य केल्या.

गंमत म्हणजे या पाद्र्यांनी संघटना अशी स्थापनच केली नव्हती. अध्यक्ष नाही, खजिना नाही, कार्यवृत्तांताची वही नाही. कंपन्यांनी खटला भरायचा तरी कोणावर? तीन-चार वर्षांत त्यांनी जवळपास ३० कंपन्यांना असं वठणीवर आणलं. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी हीच रीत उचलली आणि १९६२ मध्ये त्यांच्या संघटनेचं 'ऑपरेशन ब्रेडबास्केट' सुरू झालं.

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे लढ्याची गोष्ट. अशा गोष्टी आपण पुष्कळ वाचतो आणि त्या इथेच संपतात. मला सुलिवन आवडले ते यापुढच्या भागासाठी.

दारं उघडली, आणि आत जायला माणसं पुरेना! कंपनी म्हणते, पाठवा इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे, पाठवा मशीनवर काम करणारे. पाठवणार कोणाला? वस्तीतल्या शाळा यथातथा, आणि कारागिरांच्या युनियनांनी उमेदवारीच्या जागा आजवर काळ्यांना मिळू दिलेल्या नव्हत्या. तयारी नसताना नुसता प्रवेश मिळाला, तर पदरी वैतागच पडतो, असं सुलिवन म्हणायचे. बाबांचा प्रश्न बरोबर उलटा. बाबांकडे शिकलेले हात होते, दार नव्हतं. इथे दार होतं, शिकलेले हात नव्हते.

मग जानेवारी १९६४ मध्ये ओआयसी सुरू झालं, म्हणजे ऑपॉर्च्युनिटीज इंडस्ट्रियलायझेशन सेंटर. जागा कुठली, तर एक ओसाड पडलेली पोलीस चौकी. कोठड्यांसकट! शहराने ती वर्षाला १ डॉलर भाड्याने दिली. एका निनावी दात्याने ५०,००० डॉलर दिले, चर्चने पैसे उभे केले, सुलिवननी स्वतःचं घर गहाण टाकलं. वस्तीतल्या लोकांनी मिळेल तशी वर्गणी दिली. आणि यंत्रं दिली कंपन्यांनी, ज्यांच्याशी हे कालपरवापर्यंत भांडत होते त्याच गोटातल्या! कंपन्यांची माणसं सल्लागार म्हणून बसायची : आम्हाला या मशीनवर, या मापाचं काम करणारा माणूस हवा. तेवढंच शिकवायचं. मशीन शॉप, पत्र्याचं काम, ड्राफ्टिंग, इलेक्ट्रॉनिक्स, शिवणयंत्र, प्रयोगशाळेतलं काम, हॉटेलातलं काम. शिकायला येणाऱ्यांची यादी हजारोंवर गेली.

बाबांना हे सगळं फोनवर सांगत होतो. ते हं हं करत होते. पण 'फीडर' वर्गाचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाले, "थांब, हे नीट सांग."

तर झालं असं की, ट्रेड शिकायला येणाऱ्यांत चाळिशीचे बाप्ये होते, बायका होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळांना धड वाचता येत नव्हतं. पण 'मला वाचता येत नाही' असं चारचौघांत कोण कबूल करील? म्हणून ट्रेडच्या आधी एक तयारीचा वर्ग काढला, त्याचं नाव फीडर. त्यात वाचन-लेखनाला वाचन-लेखन म्हणायचंच नाही, 'संवादाचं कौशल्य' म्हणायचं. अंकगणिताला 'आकडेमोडीचं कौशल्य'. शिवाय मुलाखतीला कसं जायचं, कपडे कसे असावेत, पैसे कसे खर्च करावेत, आणि आपल्या लोकांचा इतिहास काय. शाळेने ज्याला ढ म्हणून बाहेर काढलं, त्याच्या आजोबा-पणजोबांनी काय काय केलं होतं, ते आधी त्याला सांगायचं, मग मशीन दाखवायचं. सुरुवातीच्या त्या दिवसांत विद्यार्थ्यांना भत्ता नव्हता. तरी लोक दिवसा काम करून रात्री यायचे.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही पहिल्या दिवशी फाइल आणि चौकोनी लोखंड द्यायचो. चूक होती रे."

मला नाही वाटत चूक होती. असो.

आता सरकार. सरकार या गोष्टीत उशिरा आलं, पण आलं तेव्हा मोठं होऊन आलं. ओआयसी सुरू झालं त्याच वर्षी जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, ऑगस्टमध्ये गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा कायदा झाला. वॉशिंग्टनला असं काहीतरी दाखवायला हवंच होतं, जे आधीच चालू आहे आणि चालतं आहे. फोर्ड फाउंडेशनचा पैसा आला, मग केंद्राच्या मजूर खात्याचा आणि गरिबी निर्मूलन कार्यालयाचा. २९ जून १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः ते केंद्र बघून गेले. काही वर्षांत देशभर डझनावारी शहरांत ओआयसी निघाली, पुढे घाना, नायजेरिया, इथिओपियापर्यंत हे लोण गेलं.

पण मजुरी मिळणं वेगळं आणि मालकी मिळणं वेगळं. ओआयसी सुरू होऊन सात महिने झाले असतील, तेव्हा ऑगस्ट १९६४ च्या शेवटी त्याच भागात कोलंबिया अॅव्हेन्यूवर तीन दिवस दंगल झाली. दुकानं फुटली, जळली. त्यांतली बहुतेक दुकानं बाहेरच्या गोऱ्या मालकांची. वस्तीत राहणाऱ्याचं त्या रस्त्यावर स्वतःचं म्हणावं असं फार थोडं होतं. (तो रस्ता आज सेसिल बी. मूर या वकिलांच्या नावाने ओळखला जातो.)

मालकीचा विचार सुलिवननी दंगलीच्या आधीच, १९६२ मध्ये सुरू केला होता. एका रविवारी त्यांनी पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार लोक जेवले, त्या बायबलमधल्या कथेवर प्रवचन दिलं, आणि शेवटी म्हणाले, मला ५० माणसं हवीत, जी दर महिन्याला १० डॉलर देतील, ३६ महिने. २२७ माणसं उभी राहिली.

आपल्याकडची भिशी सगळ्यांना माहीत आहे. पण भिशीचा पैसा फिरून आपल्याच घरी येतो. हे तसं नव्हतं. पहिल्या १६ महिन्यांचे पैसे धर्मादाय ट्रस्टला : शिक्षण, घरं, आरोग्य यांसाठी, परत मिळणार नाहीत. उरलेल्या २० महिन्यांचे पैसे नफा कमावणाऱ्या कंपनीत, त्याबद्दल एक शेअर. बाबांच्या सवयीने मी लगेच गुणाकार केला. माणशी ३६० डॉलर, २२७ माणसांचे ८१,७२०. त्यातले ३६,३२० दानाचे आणि ४५,४०० धंद्याचे. आधी द्यायला शिका, मग मिळवायला. ज्यांनी हे पैसे दिले, ते धुणीभांडी करणाऱ्या बायका, हमाल, कारखान्यातले मजूर असे लोक होते. पुढे सभासद हजारोंवर गेले.

त्या पैशातून, आणि सरकारी गृहकर्जाच्या मदतीने, आधी घरं बांधली. मग ब्रॉड स्ट्रीटवर हे शॉपिंग सेंटर. जमीन शहराच्या पुनर्विकास संस्थेकडून. बांधकामाचं कर्ज बँकेचं, आणि बँक ऐकायला तयार झाली कारण हातात स्वतःचं भांडवल होतं. फोर्ड फाउंडेशनने ४,००,००० डॉलर दिले, ते मात्र विटा-सिमेंटला नव्हे. दुकान चालवायचं कसं, मालाचा साठा कसा ठेवायचा, हिशेब कसा लिहायचा, हे कृष्णवर्णीय दुकानदारांना आणि मॅनेजरांना शिकवायला. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी प्रोग्रेस प्लाझा उघडला, हजारो लोक जमले. कृष्णवर्णीयांनी बांधलेलं आणि त्यांच्याच मालकीचं असं अमेरिकेतलं ते पहिलं शॉपिंग सेंटर मानलं जातं.

म्हणजे क्रम बघा. आधी बहिष्काराने दार उघडलं, मग हात शिकवले, मग भांडवल जमवलं, मग धंदा शिकवला. बाबांच्या त्या विद्यार्थ्याला यातली दुसरी पायरी मिळाली होती, तीही उत्तम. पुढची पायरीच बांधलेली नव्हती.

सगळंच यशस्वी झालं असं नाही. त्याच १९६८ साली सुलिवननी विमान-अवकाश यंत्रांचे भाग करणारा एक कारखाना काढला, प्रोग्रेस एअरोस्पेस. जनरल इलेक्ट्रिकने ऑर्डर दिली, माणसं शिकवायला मदत केली. नाव झालं, पण कारखाना फार वर्षं टिकला नाही. दुसऱ्याच्या ऑर्डरवर चालणाऱ्या धंद्याचं जे होतं ते झालं.

आणि प्रशिक्षण केंद्रांचं काय झालं? १९७३ साली प्रशिक्षणाचा नवा कायदा आला. केंद्राचा पैसा आता थेट संस्थांना न जाता राज्यं आणि शहरं यांच्या हाती जाऊ लागला. ज्या ओआयसींना वॉशिंग्टनमधून पैसे मिळत, त्यांना आता आपापल्या महापौरांच्या दारात उभं राहावं लागलं. १९८२ मध्ये रेगन सरकारच्या काळात तो कायदाही गेला, दुसरा आला, पैसा आटला. अनेक शहरांतली केंद्रं बंद पडली. काही तगली, फिलाडेल्फियाचं मूळ केंद्र त्यांतलंच.

प्लाझा मात्र उभा राहिला, कारण तो अनुदानावर नव्हता, मालकीवर होता. पण इथे 'बघा, सरकारशिवाय जमतं' असं कोणी म्हणू नये. प्लाझातलं किराण्याचं मोठं दुकान नव्वदीच्या दशकात बंद झालं आणि कितीतरी वर्षं त्या वस्तीत ताजी भाजी मिळायची पंचाईत होती. २००९ च्या अखेरीला तिथे पुन्हा सुपरमार्केट उघडलं, ते सरकारी मदतीसह. फेब्रुवारी २०१० मध्ये मिशेल ओबामा ते बघायला आल्या होत्या. म्हणजे सरकार लागलंच. फरक इतकाच की, तोवर जागा धरून ठेवणारं कोणीतरी होतं.

केंद्र सरकारचा कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य उद्योजकांसाठीचा विभाग निक्सन यांनी ५ मार्च १९६९ च्या आदेशाने सुरू केला. सल्ला, प्रशिक्षण, सरकारी कंत्राटं मिळवायला मदत, अशी त्याची कामं. तब्बल ५२ वर्षं तो नुसत्या आदेशांवर चालला, २०२१ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. मार्च २०२४ मध्ये टेक्सासमधल्या एका केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला की त्याने वंशाच्या आधारावर मदत देऊ नये. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो कायद्याने भाग पडेल तितकाच ठेवा असा आदेश काढला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. एका आदेशाने आलेली गोष्ट दुसऱ्या आदेशाने जवळजवळ जाते, हे त्या १० डॉलरवाल्या बायकांना १९६२ मध्येच कळलं असावं.

आपल्याकडेही हा धागा येऊन पोचलेला आहे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचा चेंबर, म्हणजे डिक्की, सुरू केला. त्यामागे चंद्रभान प्रसाद यांच्यासारख्यांचा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजकांचा अभ्यास होता. २०१२ पासून केंद्र सरकारच्या खरेदीत ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा, असं धोरण झालं. बाबांच्या विद्यार्थ्याला हे सगळं फार उशिरा आलं. आणि आजही गावातल्या एकट्या मुलाला बँकेत जाताना सोबत कोण असतं, हा प्रश्न उरतोच. तारणाच्या जागी त्या २२७ माणसांसारखं कोणी उभं हवं.

सुलिवन नंतर खूप मोठे झाले. १९७१ मध्ये जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. दक्षिण आफ्रिकेतल्या अमेरिकन कंपन्यांसाठी १९७७ मध्ये त्यांनी जी तत्त्वं मांडली, ती त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. २००१ साली ते गेले. मला मात्र ते आठवतात ते जुन्या पोलीस चौकीच्या दारात किल्ली घेऊन उभे असलेले. ओआयसीचं बोधचिन्ह किल्लीच आहे.

बाबांना सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "तुमच्या शिकवण्यात कमी नव्हतंच. पुढचं काम तुमचं एकट्याचं नव्हतं."

ते म्हणाले, "माझं एकट्याचं नव्हतं, खरं आहे. पण मी गावातले दहा निवृत्त मास्तर तर जमवू शकलो असतो ना? दहा-दहा रुपये..." मग हसले. "तेव्हा सुचलं नाही."

गेल्या दिवाळीला गावी गेलो, तेव्हा त्यांच्या टेबलावर एक नवी वही दिसली. पहिल्या पानावर सात नावं आणि समोर आकडे. मी काही विचारलं नाही. तुमच्या गावात असं कोणी केलं असेल, तर मात्र जरूर कळवा. बाबांना वाचून दाखवीन.